न जाहीर केलेलं युद्ध आणि राष्ट्रपतींची सही

१. प्रश्न

सीमेवर तोफा सुरू झाल्या की आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. राष्ट्रपती तिन्ही दलांचे सरसेनापती, असं शाळेच्या पुस्तकात शिकवतात. मग युद्धाचा हुकूम त्यांचा का नसतो? पंतप्रधान, संरक्षणमंत्री, लष्करप्रमुख सगळे दिसतात, राष्ट्रपती मात्र कुठे दिसत नाहीत. त्यात कुणी तरी म्हणतं, अहो, हे युद्ध जाहीर तरी कुठे झालंय! मग पुढचा प्रश्न येतो. जाहीर न झालेल्या युद्धात अधिकार कुणाचे, किती, आणि ते अडवायचे कुणी?

या प्रश्नाची उत्तरं दिल्लीत आणि वॉशिंग्टनमध्ये सापडतात, तशी सोलापुरातही सापडतात. युद्ध नसताना युद्धाचे अधिकार वापरले तर काय होतं, हे या गावानं १९३० साली अंगावर झेललं आहे. तिथवर जायच्या आधी दोन गोष्टी समजून घेऊ.

२. सातबाऱ्यावरचं नाव

राज्यघटनेचं ५३ वं कलम सांगतं की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे. पण त्याच वाक्यात पुढे असंही आहे की हे आधिपत्य कायद्यानं नियमित केलं जाईल. कायदा करते संसद. शिवाय ७४ वं कलम सांगतं की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागायचं आहे.

आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात सातबाऱ्यावर नाव आजोबांचं असतं. पीक कुठलं घ्यायचं, विहीर कुठं खणायची, हे मुलं ठरवतात. व्यवहार मात्र आजोबांच्या सहीशिवाय पुरा होत नाही. सही करण्याआधी आजोबा एकदा म्हणू शकतात, "पोरांनो, पुन्हा एकदा विचार करा." मुलं पुन्हा तेच म्हणाली तर सही करावी लागते. राष्ट्रपतींचं असंच आहे. सल्ला एकदा परत पाठवण्याचा हक्क १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कागदावर आला. तो शोभेचा नाही. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली आणि मंत्रिमंडळानं ती सोडून दिली.

१९६५ च्या युद्धात हे नातं स्पष्ट दिसतं. १ सप्टेंबरला पाकिस्तानी रणगाडे छांब भागात घुसले. त्या दुपारी हवाई दल वापरायचं की नाही, हा निर्णय संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांनी घेतला आणि काही वेळातच विमानं उडाली. लाहोरच्या दिशेनं सीमा ओलांडण्याचं ठरलं तेही पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि त्यांच्या मंत्र्यांच्या पातळीवर. राष्ट्रपती होते सर्वपल्ली राधाकृष्णन. त्या निर्णयाची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती, कारण त्याचं उत्तर लोकसभेला द्यायचं होतं आणि लोकसभेला उत्तर देतं ते मंत्रिमंडळ.

म्हणून यापुढे 'राष्ट्रपतींचा अधिकार' असं जिथे येईल तिथे वाचकांनी 'राष्ट्रपतींच्या सहीनं सरकार वापरतं तो अधिकार' असं समजावं. अमेरिकेची गोष्ट वेगळी आहे. तिथे सही आणि निर्णय एकाच माणसाचा असतो.

३. 'जाहीर' करणं म्हणजे काय

पूर्वी युद्ध पुकारणं ही एक रीतसर घोषणा असे. ती झाली की व्यापार, कर्ज, जहाजं, परदेशी नागरिक या सगळ्यांचे नियम एका रात्रीत बदलत. म्हणूनच ती टाळण्यात अनेकांचा फायदा असे.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे सोलापूरचे. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. १९३८ च्या सप्टेंबरात काँग्रेसनं पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले. ते ज्या रणांगणावर जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते ते युद्ध कागदोपत्री युद्धच नव्हतं. जपाननं १९३७ च्या जुलैत चीनवर मोठा हल्ला चढवला, पण त्याला नाव दिलं 'चीन प्रकरण'. चीननंही घोषणा केली नाही. कारण अमेरिकेत तटस्थतेचा कायदा होता. दोन देशांत युद्ध सुरू आहे असं तिथल्या अध्यक्षांनी ठरवलं की दोघांनाही शस्त्रं विकणं बंद. अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी तसं ठरवलंच नाही. शांघाय पडलं, नानजिंगमध्ये कत्तल झाली, तरी वॉशिंग्टनच्या कागदावर युद्ध नव्हतं. त्यामुळे चीनला माल मिळत राहिला. चीननं जपानविरुद्ध रीतसर युद्ध पुकारलं ते ९ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरनंतर. त्यानंतर बरोबर एका वर्षानं कोटणीस तिथेच वारले.

रूझवेल्ट यांच्या या वागण्यानं चीनचं भलं झालं, हे मला मान्य आहे. पण अधिकाराचा एक प्रकार इथे लख्ख दिसतो. जे डोळ्यांसमोर चाललं आहे त्याला युद्ध म्हणायचं की नाही, हे एका माणसाच्या हाती होतं. १९४५ नंतर तर रीतसर घोषणा जवळजवळ बंदच पडल्या. अमेरिकेच्या काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, शेवटची युद्धघोषणा जून १९४२ मध्ये केली. कोरिया, व्हिएतनाम, इराक ही सगळी युद्धं त्यानंतरची.

आपल्या घटनेत तर युद्ध कसं जाहीर करायचं हे सांगणारं एकही कलम नाही. केंद्राच्या विषयांच्या यादीत 'युद्ध आणि शांतता' अशी एक नोंद आहे, तेवढीच. मग घोषणा झाली का, हे विचारून फारसं हाती लागत नाही. निकड आहे हे कोण ठरवतं आणि त्याला विचारणारं कोण आहे, हे विचारावं लागतं.

४. सोलापूर, मे १९३०

५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. गिरण्यांचं गाव ते, बातमी पसरायला वेळ लागला नाही. गिरण्या बंद पडल्या, मिरवणुका निघाल्या. ८ मेला शिंदीची झाडं तोडण्यासाठी लोक जमले आणि पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात मारला गेला. मग लोक खवळले, जाळपोळ झाली, पोलीसही मारले गेले. पोलिसांनी गाव सोडलं. पुढचे काही दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं आणि रस्त्यावरची व्यवस्था काँग्रेसचे स्वयंसेवक पाहत होते.

१२ मेला लष्कर आलं आणि लष्करी कायदा, म्हणजे मार्शल लॉ, लागू झाला. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचा वटहुकूम निघाला तो १५ मेला. आधी बंदूक आली, तिला आधार देणारा कागद मागाहून आला. ३० जूनपर्यंत हा अंमल होता. तिरंगा हाती धरणं गुन्हा ठरलं, गांधी टोपी घालून रस्त्यानं जाणं धोक्याचं झालं. कुठलंही युद्ध नव्हतं, सरहद्द शेकडो कोस दूर होती.

व्हाइसरॉयना हा अधिकार कुठून मिळाला? त्या वेळच्या भारत सरकार कायद्यात ७२ वं कलम होतं. निकडीच्या प्रसंगी व्हाइसरॉयनं वटहुकूम काढावा, तो सहा महिने चालेल, असं ते सांगे. विधिमंडळाची संमती लागत नसे. त्याच महिन्यात, त्याच कलमाखाली, भगतसिंग आणि त्यांच्या साथीदारांवरचा लाहोर खटला खास न्यायाधिकरणाकडे सोपवणारा वटहुकूम निघाला होता. त्याविरुद्धचा अर्ज लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेला. अर्जदारांचं म्हणणं साधं होतं, मुळात निकड होती कुठे? फेब्रुवारी १९३१ मध्ये उत्तर मिळालं की निकड आहे की नाही हे ठरवणारे एकटे व्हाइसरॉय, न्यायालयानं त्यात पडायचं नाही.

या उत्तरापाशी थोडं थांबायला हवं. अधिकार वापरणारा तोच, आणि वापरायची वेळ आली आहे हे ठरवणाराही तोच. अशा अधिकाराला सहा महिन्यांची मुदत असली तरी काठ नसतो. त्या निकालाच्या आधीच, १२ जानेवारी १९३१ ला, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार सोलापूरकरांना येरवड्याला फाशी देण्यात आलं होतं. आजही सोलापुरात 'चार पुतळा' म्हटलं की रिक्षावाल्याला दुसरं काही सांगावं लागत नाही.

स्वतंत्र भारताच्या घटनेत मार्शल लॉ हा शब्द मुख्यतः ३४ व्या कलमापुरता येतो. तिथेही तो पुकारण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिलेला नाही. असा अंमल झालाच, तर सुव्यवस्थेसाठी काम केलेल्यांना संसद कायद्यानं संरक्षण देऊ शकेल, एवढंच म्हटलं आहे. म्हणजे हिशेब संसदेपुढे द्यायचा.

५. तुरुंगातलं अणूचं पुस्तक

घटनेनं राष्ट्रपतींना ३५२ वं कलम दिलं. युद्ध, परकी आक्रमण किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षा धोक्यात असेल तर आणीबाणी पुकारता येईल, असं ते मूळ कलम होतं. त्यासाठी युद्ध जाहीर व्हायची अट नाही, नुसता धोका समोर असला तरी चालतं.

चीनचा हल्ला झाला तेव्हा, २६ ऑक्टोबर १९६२ ला, पहिली आणीबाणी आली. दोन्ही देशांनी युद्ध पुकारलं नव्हतं. लढाई २१ नोव्हेंबरला थांबली, आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत राहिली. महिनाभराच्या लढाईसाठी पाच वर्षांहून जास्त काळ! ज्याची सुरुवात रीतसर होत नाही त्याचा शेवटही रीतसर होत नाही, आणि अधिकार तसेच राहून जातात.

३ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपतींचा आणखी एक आदेश निघाला. भारत संरक्षण कायद्याखाली ज्यांना अटक झाली त्यांना जीवित आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाता येणार नाही, असा तो होता. पकडल्या गेलेल्यांत मुंबईचे कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर पांडुरंग संझगिरी होते. तुरुंगात त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं, 'अणूच्या अंतरंगात'. विषय निव्वळ विज्ञानाचा. हस्तलिखित छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, अशी त्यांनी परवानगी मागितली. महाराष्ट्र सरकारनं ती नाकारली.

सरकारचा युक्तिवाद बारकाईनं पाहण्यासारखा आहे. स्थानबद्धाला नियमांनी ज्या सवलती दिल्या तेवढ्याच त्याच्या. पुस्तक बाहेर पाठवण्याची सवलत नियमांत नाही, म्हणून हक्कही नाही. आणि राष्ट्रपतींच्या आदेशामुळे न्यायालयाचं दार तर बंदच आहे. मुंबई उच्च न्यायालयानं हे मानलं नाही. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी तोच युक्तिवाद उलटा करून पाहिला. माणसाचं स्वातंत्र्य नियमांतून जन्मत नाही, नियम ते फक्त कमी करतात. ज्या गोष्टीला नियमानं मनाई केलेली नाही ती त्याच्याकडेच राहते. राष्ट्रपतींच्या आदेशानं दार बंद केलं ते कायद्याच्या चौकटीत घातलेल्या बंधनांपुरतं. जे बंधन कुठल्याच नियमात नाही, त्याच्यामागे आदेशाची ढाल उभी राहत नाही. सरकारचं अपील फेटाळलं गेलं.

निकालाची तारीख आहे ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी भारतीय सैन्यानं पंजाबात सीमा ओलांडली. युद्ध ऐन भरात येत असताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं एका विरोधकाच्या मराठी विज्ञानपुस्तकाला वाट करून दिली. आपल्या न्यायव्यवस्थेबद्दल मला ज्या गोष्टींचा मनापासून अभिमान वाटतो त्यांत ही फार वर आहे.

६. एका रात्रीची सही आणि ४४ वी दुरुस्ती

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर बाँब टाकले आणि राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांनी आणीबाणी पुकारली. ही दुसरी. ती अजून चालूच होती तेव्हा, २५ जून १९७५ च्या रात्री, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी अंतर्गत अशांततेच्या नावाखाली तिसऱ्या आणीबाणीवर सही केली. मंत्रिमंडळाला कळलं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याच वर्षी ३८ व्या घटनादुरुस्तीनं ठरवलं की निकडीबद्दल राष्ट्रपतींचं समाधान अंतिम, न्यायालयात प्रश्न नाही. म्हणजे प्रिव्ही कौन्सिलनं व्हाइसरॉयला जे दिलं होतं ते आपण आपल्या हातांनी परत आणलं. १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही स्थानबद्धांना दार बंद केलं. न्यायमूर्ती खन्ना एकटे विरोधात राहिले.

४४ व्या दुरुस्तीनं हे सगळं निस्तरलं. 'अंतर्गत अशांतता' जाऊन 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही. ३८ व्या दुरुस्तीचं ते अंतिम समाधान काढून टाकलं. जीविताच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट आणीबाणीतही बंद करता येणार नाही, असं झालं. आणि महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी, नंतर दर सहा महिन्यांनी पुन्हा.

मंजुरीचं गणित दुहेरी आहे. हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश हवेत, शिवाय एकूण सदस्यसंख्येचं बहुमतही हवं. लोकसभा ५४३ जणांची. समजा ४०० जणांनी मतदान केलं. दोन तृतीयांश म्हणजे २६७. पण एकूण संख्येचं बहुमत २७२ आहे, म्हणून २६७ पुरत नाहीत. ४५० जणांनी मतदान केलं तर ३०० लागतात. उलट बाजूनं, लोकसभेच्या एक दशांश सदस्यांनी, म्हणजे ५५ जणांनी, लेखी नोटीस दिली तर आणीबाणी उठवण्याच्या प्रस्तावासाठी १४ दिवसांत खास बैठक घ्यावीच लागते. तिथे साधं बहुमत पुरतं. लावायला अवघड, काढायला सोपी.

७. अमेरिकेचं घड्याळ

अमेरिकेत युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा आणि सरसेनापती अध्यक्ष. कोरियात १९५० साली अध्यक्ष ट्रूमन यांनी काँग्रेसला न विचारता सैन्य उतरवलं. युद्ध चालू असताना पोलाद कामगारांचा संप येऊ घातला, तेव्हा त्यांनी एप्रिल १९५२ मध्ये देशातले पोलादाचे कारखाने ताब्यात घेतले. आघाडीवर दारूगोळा कमी पडेल, हे कारण. जून १९५२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की परदेशातल्या फौजांचे सेनापती म्हणून देशातल्या गिरण्या-कारखान्यांचे मालक होता येत नाही, त्यासाठी कायदा हवा. ट्रूमन यांनी कारखाने परत केले.

व्हिएतनामनंतर, १९७३ मध्ये, निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून काँग्रेसनं कायदा केला. फौजा लढाईत उतरवल्या तर ४८ तासांत कळवा. ६० दिवसांत काँग्रेसची मंजुरी मिळाली नाही तर फौजा मागे घ्या, त्यासाठी फार तर आणखी ३० दिवस. घड्याळ चांगलं आहे, पण ते पाळलं गेलं असं म्हणवत नाही. १९९९ मध्ये कोसोव्होसाठीची बाँबफेक ७८ दिवस चालली. २०११ मध्ये लिबियाच्या वेळी ६० दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकारनं म्हटलं की हे त्या कायद्यातल्या अर्थाचं लढणंच नव्हे. रूझवेल्ट यांनी चीनच्या वेळी जे केलं तेच पुन्हा, फक्त उलट्या कारणासाठी.

८. आपल्या घड्याळाचं काय

आता कारगिल पाहा. १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयी सरकार एका मतानं पडलं आणि लोकसभा विसर्जित झाली. मे महिन्यात घुसखोरी उघड झाली. जुलैअखेरपर्यंत काळजीवाहू सरकारनं युद्ध लढलं आणि जिंकलं. आणीबाणी पुकारली नाही, आणि ते योग्यच झालं. विरोधकांनी राज्यसभेची बैठक मागितली, ती झाली नाही. गंमत अशी की आणीबाणी पुकारली असती तर लोकसभा नसतानाही राज्यसभेची मंजुरी महिन्याभरात घ्यावीच लागली असती. कमी अधिकार वापरले, म्हणून संसदेला सामोरं जाण्याची सक्तीही उरली नाही.

ऑपरेशन सिंदूर ७ मे २०२५ ला सुरू झालं, १० मेला गोळीबार थांबला. तेव्हाही आणीबाणी नव्हती. विशेष अधिवेशनाची मागणी झाली. प्रत्यक्ष चर्चा पावसाळी अधिवेशनात, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. यात कायद्याचा भंग कुठेच नाही. घटनेचं ८५ वं कलम एवढंच सांगतं की दोन अधिवेशनांत सहा महिन्यांहून जास्त अंतर नको. आजच्या लढाया त्याहून कितीतरी लवकर संपतात.

५५ खासदारांच्या नोटिशीची ती तरतूद आज फक्त आणीबाणीपुरती आहे. सीमेवर सैन्य लढत असेल तेव्हाही ती लागू करावी, असं मला वाटतं. तेवढ्यानं लष्कराचे हात बांधले जात नाहीत, कारण बैठक घ्यायला १४ दिवस असतात आणि ती बैठक युद्ध थांबवण्यासाठी नसून सरकारनं हिशेब देण्यासाठी असेल. ऐन लढाईत संसद भरवता येत नाही, हा आक्षेप १९६२ चा अनुभव पाहता टिकत नाही. तरुण वाजपेयींनी तेव्हा अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली आणि ८ नोव्हेंबरला संसद बसली. चिनी फौजा तेव्हा आपल्या हद्दीत होत्या. बैठक गुप्त ठेवावी अशी सूचना आली, पंडित नेहरूंनी ती मानली नाही. खासदारांनी त्यांना उघड्या सभागृहात खडसावलं, आणि त्याच महिन्यात संरक्षणमंत्रिपदासाठी मुंबईहून यशवंतरावांना बोलावणं आलं.